गिरणगांवचें अंगण

नाटक, कीर्तन, तमाशा किंवा भजन यांचा इतिहास सांगावयाचा म्हटलें म्हणजे आपण नटांचीं, कवींचीं आणि गायकांचीं नांवें घेतों. ज्या जमिनीवर उभें राहून त्यांनीं आपली कला दाखविली त्या जमिनीचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. जमीन मोजणाऱ्या माणसाचा आणि पेटी वाजविणाऱ्या माणसाचा परस्परांशीं संबंध तो काय, असा प्रश्न एखाद्या रसिकास पडेल, आणि तो पडणें स्वाभाविक आहे. परंतु मोठ्या शहरांत हा संबंध फार निकटचा असतो. शहराच्या नकाशावर एखाद्या भागाचा रंग बदलला, 'येथें कारखाने' याच्या जागीं 'येथें कचेऱ्या व दुकानें' असें लिहिलें गेलें, म्हणजे त्या भागांत कोणी राहावें, त्याच्या दारापुढें किती जागा मोकळी असावी आणि रात्रीं दहानंतर तेथें ढोलकी वाजावी कीं नाहीं, हें सारें न बोलतां ठरून जातें. हा संबंध कसा घडतो तें मुंबईच्या गिरणगांवाच्या उदाहरणानें आज मी सांगणार आहें.

गिरण्या निघण्यापूर्वींपासूनच ही गोष्ट मुंबईंत चालत आली आहे. कोटाच्या आंत, बॉम्बे ग्रीन नांवाच्या मोकळ्या मैदानावर, १७७६ सालीं एक नाट्यगृह उभें राहिलें. तें मुख्यतः साहेबलोकांच्या करमणुकीसाठीं होतें. कर्ज वाढत गेलें आणि १८३५ सालीं तें विकावें लागलें. पुढें नव्या नाट्यगृहाची मागणी झाली तेव्हां जगन्नाथ शंकरशेट यांनीं ग्रँट रोडवर जागा दिली, व १८४६ सालीं तेथें नाट्यगृह झालें. त्या काळीं ग्रँट रोड म्हणजे शहराची कड. कोटांतल्या साहेबास जी जागा लांब पडली तीच गिरगांवांतल्या आणि काळबादेवींतल्या एतद्देशीय प्रेक्षकास जवळची झाली. १८५३ सालीं विष्णुदास भावे यांनीं याच रंगमंचावर आपलीं नाटकें केलीं. त्यानंतर त्या भागांत नाटकगृहांची रांग लागली, आणि 'प्लेहाउस' या इंग्रजी शब्दाचें लोकांच्या तोंडीं 'पिला हाउस' होऊन तो सगळा भागच त्या नांवानें ओळखला जाऊं लागला. रंगभूमि कोणाची होणार हें नाटककाराइतकेंच जागेनेंही ठरविलें, एवढें या उदाहरणावरून ध्यानांत घेतलें म्हणजे पुरे.

आतां गिरणगांवाकडे वळूं. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंतल्या पहिल्या कापसाच्या गिरणीची कंपनी काढली, आणि १८५६ सालीं ताडदेवास ती गिरणी चालूं झाली. पुढल्या पन्नास-साठ वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी आणि शिवडी या टापूंत गिरण्यांचे उंच धुरांडे उभे राहिले. रत्नागिरीकडचा कोकणी माणूस बोटीनें आला, सातारा-पुण्याकडचा घांटी माणूस पायवाटेनें व आगगाडीनें आला. बहुतेकांचें कुटुंब गांवीं राही. एका खोलींत, तिला तेथें 'गाळा' म्हणत, दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीनें निजत. एक पाळी कामावर गेली कीं दुसरीनें त्याच वळकटीवर अंग टाकावें. पेट्या आणि वळकट्या भिंतीशीं, कपडे दोरीवर, आणि जेवण खाणावळवालीकडे. अशा खोलींत माणूस निजूं शकतो. परंतु बसणें, बोलणें, गाणें या गोष्टी त्याला खोलीच्या बाहेरच कराव्या लागतात.

म्हणून गिरणगांवची कला खोलीबाहेर वाढली. चाळीची गॅलरी, जिन्याखालची जागा, दोन चाळींमधलें अंगण, गिरणीच्या फाटकासमोरचा रुंद रस्ता आणि कामगार मैदान हीं तिचीं नाट्यगृहें होतीं. कोकणच्या लोकांनीं आपल्याबरोबर भजनाच्या बाऱ्या, नमन, जाखडी आणि शक्ति-तुरा आणला. दक्षिण कोकणांतून दशावतार आला. घांटावरच्या लोकांनीं लेझीम आणि तमाशा आणला. शनिवारीं रात्रीं एका अंगणांत पखवाज आणि टाळ, तर चार पावलांवर दुसऱ्या अंगणांत ढोलकी, असें चाले. यासाठीं कोणी भाडें दिलें नाहीं, कोणी परवाना काढला नाहीं, आणि या जागांना कोणी 'कलामंदिर' असें नांवही दिलें नाहीं. एखाद्यानें तें दिलें असतें तर चाळकऱ्यांना हसूंच आलें असतें. त्या जागेंत सकाळीं पापड वाळत, दुपारीं पोरें गोट्या खेळत, आणि रात्रीं तेथेंच राजा हरिश्चंद्र उभा राही.

या उघड्या अंगणांच्या जोडीला हळूहळू कांहीं बांधलेल्या वास्तूही आल्या. नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. कामगारांसाठीं रात्रीच्या शाळा आणि वाचनालयें चालवितां चालवितां श्रमलेल्या माणसाला करमणुकीचीही गरज आहे, हें संस्थेच्या चालकांना कळून चुकलें. परळ येथें १९२२ सालीं दामोदर हॉल उभा राहिला तो या जाणिवेंतून. गिरणींत साचे चालविणारा माणूस संध्याकाळीं तेथें तोंडाला रंग लावून उभा राही, आणि खालीं बसलेले त्याचेच जोडीदार त्याची परीक्षा करीत. कामगार रंगभूमि म्हणून जिचा उल्लेख होतो तिचें हें माहेरघर. लालबागेंत हनुमान थिएटर हें तमाशाचें मोठें ठाणें झालें. त्याच परिसरांत भारतमाता हें चित्रगृह मराठी बोलपटांचें हक्काचें घर बनलें. १९४४ सालीं अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांनीं लाल बावटा कलापथक काढलें. त्यांना पडदा लागत नसे, विंगा लागत नसत. गिरणीचें फाटक, मैदान किंवा चाळीचा चौक एवढें त्यांना पुरे होई. पुढें संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत या शाहिरांचा डफ गांवोगांवीं ऐकूं गेला, परंतु त्याचा पहिला नाद या वस्तींतल्या मोकळ्या जागेंत घुमला होता. गिरणगांवांत वाढलेल्या नारायण सुर्व्यांचा पहिला काव्यसंग्रह १९६२ सालीं प्रसिद्ध झाला. गिरणगांवानें मराठी भाषेला काय दिलें याचा हिशेब या एवढ्या नांवांवरूनही ध्यानांत येईल.

आतां जमिनीच्या कायद्यांकडे येऊं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली, आणि दाट वस्तींत हवा व उजेड पोंचत नाहीं ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत भरली. १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९१५ सालीं मुंबई इलाख्यानें नगररचनेचा कायदा केला. या देशांतला तो अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याच्या जागीं १९५४ सालीं अधिक व्यापक कायदा आला, आणि १९६६ सालीं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. या कायद्यांचें तत्त्व सरळ आहे. शहराचा नकाशा करावयाचा, त्याचे भाग पाडावयाचे, आणि कोणत्या भागांत वस्ती, कोणत्या भागांत व्यापार, कोणत्या भागांत कारखाने हें ठरवून तसे रंग भरावयाचे. शाळा, दवाखाना, बाजार, उद्यान यांसाठीं निराळे तुकडे राखून ठेवावयाचे. हेतु चांगला होता, आणि पुष्कळ अंशीं तो सफलही झाला.

गिरण्यांच्या जमिनीवर कारखान्याचा रंग होता. त्या जमिनीवर मालकाला मनास येईल तें करतां येत नसे. गिरणी मोडून तेथें मनोरा बांधावा तर नियम आड येत. याचा परिणाम असा झाला कीं, शहराच्या अगदीं मध्यावर असूनही त्या जमिनीची किंमत आटोक्यांत राहिली. त्यांतच १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें चाळींचीं भाडीं गोठविलीं. जमीन कारखान्यासाठीं बांधलेली म्हणून गिरणी टिकली, गिरणी टिकली म्हणून चाळींतला माणूस टिकला, आणि तो टिकला म्हणून अंगणांतलें भजन व थिएटरांतला तमाशा टिकला. नकाशावरच्या त्या रंगानें कलेला नकळत आश्रय दिला होता. पूर्वीं संस्थानिक कलावंतास इनाम जमीन देत. येथें इनामाचा कागद कोठेंही नव्हता, पण जमीन मात्र लाभली होती. आणि जें कागदावाचून मिळालें तें कागदावाचूनच गेलें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यांत होते. तो संप रीतसर मिटला असें कधींच झालें नाहीं. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, कांहीं नांवापुरत्या चालूं राहिल्या. हजारों माणसें गांवीं परतलीं, उरलेलीं मिळेल तें काम करूं लागलीं. शनिवार आला तरी हातांत पगार नाहीं अशी स्थिति झाली, आणि तिचा पहिला फटका तिकिटावर चालणाऱ्या कलेला बसला. हनुमान थिएटर मधुकर नेराळे यांनीं नेटानें चालविलें होतें. पण ज्या खिशाच्या आधारावर तें उभें होतें तो खिसाच रिकामा झाला. १९९० नंतरच्या दशकांत तेथला तमाशा थांबला आणि त्या जागीं मंगल कार्यालय आलें. ढोलकीच्या जागीं सनई आली असें विनोदानें म्हणतां येईल, पण तमाशाच्या फडांचें मुंबईंतलें एक मोठें ठिकाण गेलें हें खरें.

गिरण्या बंद पडल्या तरी जमीन तेथेंच होती. सुमारे सहाशें एकर जमीन, पन्नासाहून अधिक गिरण्यांची, शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ सालीं नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, आणि तिच्या अठ्ठावन्नाव्या नियमानें गिरण्यांच्या जमिनींचें कुलूप प्रथम उघडलें. आजारी गिरणीनें जमीन विकासासाठीं काढली तर स्थूलमानानें तिचे तीन हिस्से करावयाचे. एक हिस्सा महानगरपालिकेस, मोकळ्या जागेसाठीं व सार्वजनिक सोयींसाठीं. दुसरा म्हाडास, सामान्य लोकांच्या घरांसाठीं. आणि तिसरा मालकास, व्यापारी व निवासी इमारतींसाठीं. पुढें चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली व तिनें १९९६ सालीं अहवाल दिला. एकेका गिरणीचा सुटा विचार न करतां सर्व जमिनींचा एकत्र आराखडा करावा, असें तिचें म्हणणें होतें. तसा आराखडा कांहीं अमलांत आला नाहीं.

२००१ सालीं नियमांत दुरुस्ती झाली. ही दुरुस्ती दिसावयास लहान होती, पण तिनें सगळा हिशेब पालटला. समजा, एका गिरणीची जमीन पंधरा एकर आहे आणि त्यांतली बारा एकर इमारतींखालीं आहे. आधींच्या नियमानें पंधरा एकरांचे तीन भाग होऊन सुमारे पांच एकर मोकळ्या जागेसाठीं मिळाले असते. नव्या नियमानें वांटणी फक्त तीन मोकळ्या एकरांची. म्हणजे शहराच्या वांट्यास सुमारे एक एकर. इमारती पाडून मोकळी होणारी जमीन वांटणींत धरावयाची कीं नाहीं यावर वाद माजला. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें ती धरावी असा निर्णय दिला; मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला व २००१ ची दुरुस्ती कायम ठेवली. दरम्यान २००५ सालीं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानें ज्युपिटर, अपोलो, मुंबई टेक्स्टाइल, एल्फिन्स्टन आणि कोहिनूर क्रमांक तीन या पांच गिरण्यांच्या जमिनी विकल्या होत्या.

या वादांत पर्यावरणवादी होते, कामगार संघटना होत्या, मालक होते, सरकार होतें. सर्वांनीं आपापला हिस्सा मागितला, आणि हिस्स्यांना नांवें होतीं: मोकळी जागा, घरें, व्यापार. या तीन नांवांच्या यादींत चौथें नांव नव्हतें. ज्या अंगणांत बारी होत असे, ज्या फाटकासमोर कलापथक उभें राहत असे, ज्या व्यायामशाळेच्या मागें रात्रीं तालमी होत असत, त्या जागा कोणत्या हिश्शांत बसणार होत्या? मोकळ्या जागेंत म्हणावें तर मोकळी जागा म्हणजे उद्यान; त्याला कुंपण असतें, माळी असतो आणि बंद होण्याची वेळ असते. घरांत म्हणावें तर घर म्हणजे चार भिंती. कोणत्याही अधिकाऱ्यानें कलेविरुद्ध एक ओळही लिहिली नाहीं, आणि कोणत्याही मालकानें भजनी मंडळाला हांकून दिलें नाहीं. नियमांत ज्या जागेला नांव नसतें ती गेली तरी कोणता नियम मोडला असें दाखवितां येत नाहीं, आणि म्हणून तिच्यासाठीं कोणत्या दरबारांत दाद मागावी हेंही कळत नाहीं. गिरणगांवच्या कलेच्या इतिहासांतली मुख्य गोष्ट माझ्या मतें हीच आहे.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर माझें बोलणें एकांगी होईल. वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथें बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत बांधल्या गेल्या. अशा एकंदर २०७ चाळी होत्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची, आणि शौचकूप मजल्याला समाईक. तेथें तीन पिढ्यांचा संसार करणाऱ्या बाईस 'तुमच्या चाळीचें अंगण किती सुंदर होतें' असें सांगावयास जाणारा मनुष्य शहाणा म्हणतां येणार नाहीं. २०२५ सालीं वरळीच्या पुनर्विकासांत बांधलेलीं पहिलीं ५५६ घरें रहिवाशांच्या हातीं आलीं. घर पांचशें चौरस फुटांचें, स्वतःचें न्हाणीघर असलेलें. हा लाभ मोठा आहे आणि तो त्यांचा हक्कच होता. प्रश्न एवढाच कीं, आडवी वस्ती उभी झाली म्हणजे गॅलरी जाते, अंगण जातें, आणि दार बंद होतें. ज्या जागेंत मंडळ जमत असे तिचा बदला नव्या इमारतींत कोणत्या मजल्यावर, कोणत्या मापाचा, हें घराच्या मापाइतकेंच आधीं ठरवून घ्यावयास हवें. घराच्या चौरस फुटांसाठीं रहिवासी वर्षानुवर्षें भांडले. अंगणाचे चौरस फूट कोणीं मोजलेच नव्हते.

नांव असलेल्या जागेचें काय होतें हें दोन उदाहरणांवरून दिसतें. भारतमाता चित्रगृहाची जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. ती परत मागितली गेली तेव्हां मराठी चित्रपटसृष्टींतील मंडळी आणि लालबागचे रहिवासी चित्रगृहाच्या बाजूनें उभे राहिले. चित्रगृहाला पाटी होती, इतिहास होता, आणि तें गेलें तर काय जाणार हें प्रत्येकास एका वाक्यांत सांगतां येत होतें. दामोदर नाट्यगृह शतकाहून अधिक काळ परळांत उभें होतें. २०२३ च्या नोव्हेंबरांत तें पुनर्बांधणीसाठीं बंद करण्यांत आलें, तेव्हांही रंगकर्मी रस्त्यावर आले. नव्या वास्तूंत नाट्यगृह राहील काय, आणि राहिलें तर पूर्वींच्या मापाचें राहील काय, हे त्यांचे प्रश्न होते. या दोन्ही प्रसंगीं भांडावयास जागा होती, कारण त्या जागेला नांव होतें. जिन्याखालच्या तालमीसाठीं असा मोर्चा कधीं निघाला नाहीं, आणि निघूंही शकला नसता.

नियमांत कलेचें नांव घातलें म्हणजे काम संपलें, असें मात्र कोणी समजूं नये. याचा अनुभव दूरच्या न्यूयॉर्क शहरानें घेतलेला आहे. तेथल्या सोहो या भागांत जुने कारखाने रिकामे पडले होते. १९६० च्या सुमारास चित्रकार आणि शिल्पकार त्या उंच छताच्या कोठारांत राहूं लागले. जागा कारखान्याची, म्हणून तेथें राहणें नियमाबाहेरचें. १९७१ सालीं शहरानें नियम बदलला आणि ज्याच्याजवळ कलावंत असल्याचें प्रमाणपत्र आहे त्याला तेथें राहून काम करण्याची मुभा दिली. कायद्यांत कलावंताचें नांव आलें. पण कलावंतांमुळें त्या भागाला शोभा आली, शोभेमुळें धनिक आले, आणि भाडीं इतकीं चढलीं कीं नवा कलावंत तेथें येऊं शकेना. २०२१ सालीं नियम पुन्हां बदलून तेथें सर्वसामान्य निवासासही वाट करून देण्यांत आली. तात्पर्य, जागेला नांव असावें, आणि त्या नांवाबरोबर भाड्याचें बंधनही असावें. दोहोंपैकीं एक असून भागत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, प्रेक्षकच उरला नाहीं तेथें जागा राखून काय उपयोग? गिरण्या गेल्या, कामगार गेला, घरोघरीं दूरचित्रवाणी आली. तमाशा आणि शक्ति-तुरा हे आपोआपच मागें पडले असते. या म्हणण्यांत तथ्य आहे. कलेचे प्रकार जन्माला येतात आणि लयास जातात. त्यांना कायद्यानें जिवंत ठेवतां येत नाहीं. परंतु प्रकार जाणें निराळें आणि जागा जाणें निराळें. संगीत नाटकाचा बहर ओसरला, पण नाट्यगृह राहिलें म्हणून तेथें गद्य नाटक आलें. अंगण राहतें तर उद्यांच्या मुलांनीं तेथें शक्ति-तुरा केला नसता. त्यांनीं दुसरें कांहीं तरी केलें असतें, आणि तें काय असतें हें आज आपणांस सांगतां येत नाहीं. १९४४ सालीं मैदानांत डफ घेऊन उभ्या राहिलेल्या तरुणांची कल्पनाही १९२२ सालीं दामोदर हॉल बांधणाऱ्यांना नव्हती. मोकळ्या जागेची खरी किंमत ती हीच. पुढें काय येणार आहे हें ठाऊक नसतांना तिनें त्याला वाव ठेवलेला असतो.

तेव्हां करावयाचें काय? शहराचा आराखडा वीस-वीस वर्षांनीं नवा होतो. तो करण्यापूर्वीं प्रत्येक इमारत, विहीर आणि झाड यांची मोजदाद होते. त्याच वेळीं कोणत्या अंगणांत, कोणत्या शाळेच्या सभागृहांत, कोणत्या व्यायामशाळेंत मंडळें जमतात याचीही नोंद व्हावी. यासाठीं फार खर्च लागत नाहीं. संध्याकाळीं हिंडणारा एक कारकून आणि एक वही एवढें पुरे. दुसरें असें कीं, जुनी वस्ती पाडून नवी बांधतांना घराच्या मापाप्रमाणेंच समाईक जागेचें मापही करारांत लिहिलें जावें, आणि ती जागा तळमजल्यावर असावी. बाराव्या मजल्यावरच्या दालनांत रस्त्यानें जाणारा माणूस थबकून उभा राहत नाहीं. तिसरें, ती जागा मंडळांना परवडेल अशा भाड्यानें मिळावी. हीं कामें सरकारचीं आहेत तशींच आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांचींही आहेत. आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठकींत मोटारी ठेवण्याच्या जागेवर चार तास बोलणें होतें. त्यांतला अर्धा तास, दहा माणसांना बसून गातां येईल अशी जागा कोठें राहील, या प्रश्नासाठीं आपण देऊं शकूं.

शेवटीं लालबागचीच एक हकीकत सांगतों. तेथला पेरू चाळीचा बाजार १९३२ सालीं बंद झाला, आणि कोळिणी व इतर विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनीं नवस बोलला. जागा मिळाली, आणि त्या आनंदांत १९३४ सालीं त्यांनीं तेथें गणपति बसविला. आज देशभर ठाऊक असलेला लालबागचा राजा तो हाच. त्या विक्रेत्यांना नगररचनेचें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण पायाखालीं जमीन असल्यावांचून ना धंदा चालतो ना उत्सव होतो, हें त्यांनीं पुरतें ओळखलें होतें, आणि जमीन मिळतांच त्यांनीं पहिलें कोणतें काम केलें असेल तर तेथें सर्वांना येऊन उभें राहतां येईल असा एक मांडव घातला.